गुणपत्रकावरच्या त्या एका आकड्याचा हिशेब द्या

प्रति,
विद्यापीठांचे परीक्षा नियंत्रक आणि विद्यापरिषदांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

तुम्ही छापता त्या गुणपत्रकाच्या तळाशी एक आकडा असतो. 7.58 असेल, 8.12 असेल, 6.40 असेल. तुमच्या परिपत्रकांत त्याला सीजीपीए, म्हणजे विषयांच्या ग्रेड पॉइंटांची एकूण सरासरी, म्हणतात, मुले नुसते पॉइंटर म्हणतात. पुढचा प्रवेश, शिष्यवृत्ती, मुलाखतीचे बोलावणे, परदेशातला अर्ज, सगळे या आकड्यावर अडते नाहीतर सुटते. आणि ज्याच्या नावापुढे तो छापलेला असतो, त्याला विचारा की हा आला कुठून. बहुतेक जण खांदे उडवतात.

मी गणित शिकवतो. निकालाच्या आठवड्यात मुले गुणपत्रक घेऊन येतात आणि विचारतात, "सर, हे बरोबर आहे का?" काम सोपे असते. थोडे गुणाकार, एक बेरीज, शेवटी एक भागाकार. तरीही पुष्कळदा ठाम उत्तर देता येत नाही, कारण अडते ते गणितापाशी नाही, नियमापाशी. कोणते विषय धरले, नापासाचे काय केले, दशांश कुठे तोडला, यातले काहीच त्या कागदावर नसते. म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो: जो कागद आकडा देतो, त्याच कागदाने हिशेबही द्यावा. पुढे लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की ही मागणी चोखंदळपणाची आहे असे कुणाला वाटू नये.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून. एका सत्रात पाच विषय. गणित 4 क्रेडिटचे, म्हणजे हिशेबातले त्याचे वजन 4, आणि त्यात ग्रेड पॉइंट, म्हणजे गुणांवरून मिळणारा दहापैकी अंक, 6. भौतिकशास्त्र 4 क्रेडिट, पॉइंट 7. भाषा 2 क्रेडिट, पॉइंट 10. प्रात्यक्षिक 1 क्रेडिट, पॉइंट 10. प्रकल्प 1 क्रेडिट, पॉइंट 9. मुलगी पाच पॉइंटांची बेरीज करते, 42, पाचाने भागते आणि 8.4 घेऊन बसते. गुणपत्रकावर 7.58. आपल्यावर अन्याय झाला, टायपिंगमध्ये चूक झाली, इथपासून ते कुणीतरी मुद्दाम केले इथपर्यंत सगळे तिच्या डोक्यात येऊन जाते. प्रत्यक्षात प्रत्येक पॉइंटला त्याच्या क्रेडिटने गुणायचे असते: 24, 28, 20, 10 आणि 9, एकूण 91. क्रेडिट एकूण 12. भागाकार 7.58. आकडा बरोबर आहे. पण तो बरोबर आहे हे तिला तुम्ही नाही, दुसऱ्याच कुणीतरी सांगितले.

क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन, आणि ते वजन कशावरून ठरते तेही सगळीकडे सारखे नाही. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबात आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे सत्राचे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाचे मात्र दोन तास मोजावेत तेव्हा एक क्रेडिट होते. युरोपातल्या पद्धतीत पूर्ण वर्षाला 60 क्रेडिट धरतात आणि त्यात वर्गातल्या तासांबरोबर विद्यार्थ्याने स्वतः केलेला अभ्यासही येतो. त्यामुळे प्रयोगशाळेत दुपारच्या दुपारी घालवून मिळवलेला 10 हा सरासरीत एवढासाच का दिसतो, याचे उत्तर आळसात किंवा नशिबात नसून या वजनात असते.

हीच गफलत सत्रांच्या बाबतीत होते. पहिल्या सत्रात 16 क्रेडिट आणि सरासरी 9.0, दुसऱ्यात 24 क्रेडिट आणि 7.0. दोन्हींची मिळून सरासरी 8.0 नाही. 144 अधिक 168 म्हणजे 312, भागिले 40, म्हणजे 7.8. सत्रांचे क्रेडिट समान असतील तरच सरासऱ्यांची सरासरी चालते. बरेच अभ्यासक्रम समान क्रेडिटचे असतात, म्हणून चुकीची रीत वर्षानुवर्षे बरोबर उत्तर देत राहते आणि ज्या वर्षी ऐच्छिक विषय कमीजास्त होतात त्या वर्षी दगा देते.

आता ग्रेडच्या पायऱ्यांकडे येतो. समजा 60 ते 69 गुणांना 7 पॉइंट आणि 70 ते 79 ला 8. एका मुलाला चार विषयांत 70, 70, 70, 70. दुसऱ्याला 69, 79, 69, 79. गुणांची सरासरी पहिल्याची 70, दुसऱ्याची 74. पॉइंटर पहिल्याचा 8, दुसऱ्याचा 7.5. ज्याला जास्त गुण, तो मागे. यात नियमभंग काही नाही. पायऱ्या म्हटल्या की हे होणारच, आणि एकेका गुणासाठी चाललेली ओढाताण कमी व्हावी म्हणूनच तर त्या आणल्या. तक्रार तिथे नाही. तक्रार अशी की पायरी कितीला सुरू होते हे पुष्कळ गुणपत्रकांवर नसतेच, किंवा असते ते भिंग लावून वाचावे अशा अक्षरात. शिवाय आयोगाच्या दहाच्या पट्टीवर सर्वांत खालचा पास म्हणजे 4 आणि नापास म्हणजे थेट 0. मध्ये 1, 2, 3 नाहीतच. जिथे 40 ला पास तिथे 39 आणि 40 यांच्यात गुण एक, पण पॉइंट चार. 4 क्रेडिटच्या विषयात हा फरक 16 चा होतो. ज्याला 39 पडले त्याला निदान हे तरी कळू द्या की आपली सरासरी एवढी का कोसळली.

नापासाचा मुद्दा निघालाच आहे, तर जिथे सर्वांत जास्त गोंधळ आहे तिथे जरा थांबू.

एका सत्रात चार-चार क्रेडिटचे पाच विषय. चारांत 8 पॉइंट, एकात केटी, म्हणजे नापास होऊन पुन्हा द्यायचा विषय. चार विषयांचे 32 चोक 128. नापासाचे शून्य धरून 20 ने भागले की 6.40. काही ठिकाणी नापास विषयाचे क्रेडिट भाजकातही धरत नाहीत, तिथे 16 ने भागतात आणि पूर्ण 8.00 येतात. एकच मुलगा, एकच उत्तरपत्रिका, 6.40 आणि 8.00. पुढच्या परीक्षेत तो पास होतो, 6 पॉइंट मिळवतो. नवे पॉइंट जुन्या शून्याची जागा घेत असतील तर 152 भागिले 20, म्हणजे 7.60. दुसऱ्या प्रयत्नात काहीही मिळवा, पासापुरतेच पॉइंट देऊ, असा नियम असेल तर 4 धरून 7.20. आणि दोन्ही प्रयत्न हिशेबात राहत असतील, म्हणजे शून्यही आणि सहाही, तर भाजक 24 होतो आणि उत्तर 6.33.

हा शेवटचा आकडा पुन्हा पाहा. नापास असताना 6.40, पास झाल्यावर 6.33. मुलगा अभ्यास करतो, विषय सोडवतो आणि सरासरी खाली येते. गणिताच्या दृष्टीने यात नवल नाही: चालू सरासरीपेक्षा कमी असलेली कोणतीही नवी भर सरासरीला खालीच ओढते. जिथे नापासाला भाजकातून वगळतात तिथेही हाच प्रकार, 8.00 वरून 7.60. पण ज्याने रात्री जागून विषय काढला त्याला हे कुणी समजावले नसेल, तर यंत्रणेवरचा त्याचा विश्वास उडाला म्हणून त्याला नावे कशी ठेवायची?

यातला कोणता नियम चांगला, यावर माझे मत आहे. पास झालेल्याने जुने शून्य जन्मभर वाहू नये. प्रयत्न किती झाले हे दाखवायचेच असेल तर वेगळ्या रकान्यात दाखवा, सरासरीत कालवू नका. पण हे पत्र माझा नियम तुमच्या गळ्यात मारण्यासाठी नाही. तुमचा कोणताही असो, तो छापा. तसेच जे विषय नुसते पास-नापास असतात, ज्यांचे क्रेडिट नसते, ज्या विषयांना फक्त हजेरी पुरते, ते सरासरीत आहेत की नाहीत हे त्या त्या ओळीपुढे लिहा. दुसऱ्या संस्थेतून आणलेल्या क्रेडिटचेही तसेच. आता क्रेडिट इकडून तिकडे नेण्याची सोय झाली आहे. क्रेडिट आले तसे त्याचे पॉइंटही आले का, हा प्रश्न विद्यार्थ्याने खिडकीवर उभे राहून विचारायचा नसतो. इंग्लंडमधल्या बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण पदवीचा वर्ग ठरवताना धरत नाहीत, आणि मुलांना हे पहिल्या वर्षातच माहीत असते. नियम पटो न पटो, माहीत असला की माणूस त्याप्रमाणे वागू शकतो.

दशांशाचे थोडक्यात. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत सत्राची आणि एकूण सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करायची आहे. तरीही 7.496 चे कुठे 7.50 होतात आणि कुठे पुढचे अंक कापून 7.49. पात्रता 7.5 ची असेल तर एक आत, एक बाहेर. त्याहून वाईट म्हणजे दोनदा पूर्णांकन: 7.446 चे आधी 7.45 आणि मग 7.5, तर थेट एका दशांशावर आणले असते तर 7.4. जर्मनीत अनेक विद्यापीठे पदवीच्या अंतिम श्रेणीचा एकच दशांश ठेवतात आणि पुढचे सगळे अंक सरळ सोडून देतात. ऐकायला कठोर, पण तिथे 1.0 सर्वोत्तम असल्यामुळे 2.59 चे 2.5 होणे विद्यार्थ्याच्या फायद्याचे आहे. आपल्या पट्टीवर तीच कात्री उलटी चालते. नुसते "दोन दशांशांपर्यंत" लिहून भागत नाही ते याचमुळे. पूर्णांकन की पुढचे अंक कापणे, आणि ते दर सत्राला की शेवटी एकदाच, हेही लिहावे लागते.

आणि आता टक्केवारी. या एका गोष्टीने मुलांचे जेवढे नुकसान होते तेवढे बाकी सगळ्यांनी मिळून होत नसेल.

जाहिरातीत "किमान 60 टक्के" असते. गुणपत्रकावर 6.60. दहाने गुणले तर 66. साडेनऊने गुणले तर 62.7. आधी 0.75 वजा करून मग दहाने गुणले तर 58.5. या तिन्ही रीती वापरात आहेत. म्हणजे पहिल्या दोघांच्या हिशेबाने मुलगी पात्र, तिसऱ्याच्या हिशेबाने तिचा अर्ज संगणकच बाद करतो, माणसाच्या नजरेलाही पडत नाही.

साडेनऊचा गुणक केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळामुळे घरोघरी पोचला. दहावीला त्यांची श्रेणीपद्धत होती तेव्हा 91 ते 100 गुणांना 10 पॉइंट, 81 ते 90 ला 9, असा क्रम होता. वरच्या गटाचे गुण सरासरीने 95 च्या आसपास, म्हणून दहाला 95, म्हणून गुणक 9.5, आणि मंडळाने त्या टक्केवारीला सूचक म्हटले होते, नेमकी नव्हे. त्या पट्टीपुरता तो गुणक बरा बसतो. 9 ला 85.5 येतात आणि 81 ते 90 चा मध्यही 85.5 च आहे. पण ज्या विद्यापीठात 80 पासून पुढे सरसकट 10 पॉइंट आहेत तिथे तोच गुणक लावला, तर प्रत्येक विषयात 80 मिळवणाऱ्याला 95 टक्के बहाल होतात. दुसरीकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात 6.25 पॉइंट म्हणजे 55 टक्के, 7.25 म्हणजे 65, म्हणजे ते 0.75 वजा करण्याचे गणित. एका पट्टीसाठी शिवलेला सदरा दुसऱ्या पट्टीच्या अंगावर चढवला की कुठेतरी बाही लोंबणार आणि कुठेतरी शिवण उसवणार.

मुळात पॉइंटवरून टक्के काढणे हे गणिताने शक्यच नाही, अंदाज तेवढा करता येतो. 70 आणि 79 दोघांचेही 8 झाले, त्या क्षणी मधला फरक पुसला गेला. तो कोणत्याही सूत्राने परत येत नाही. म्हणून टक्केवारी हवीच असेल, तर ती मूळ गुणांवरून काढून तुम्हीच गुणपत्रकावर छापावी. गुण तुमच्याकडे आहेत. ते जमत नसेल तर तुमचे अधिकृत सूत्र, कोणत्या वर्षाच्या तुकडीपासून लागू ते सांगून, त्याच कागदावर द्यावे. आज मुलांना त्यासाठी स्वतंत्र अर्ज करून दाखला काढावा लागतो, आणि अर्जाची मुदत काही तुमच्या दाखल्यासाठी थांबत नाही.

परदेशी जाणाऱ्यांची आणखी एक अडचण, जी एका ओळीने सुटते. जर्मन पट्टीवर आणण्याचे एक रूढ सूत्र आहे: कमाल पॉइंटमधून मिळालेले पॉइंट वजा करा, कमाल आणि किमान पास यांच्यातल्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. 10 कमाल, 4 किमान पास आणि 7.6 मिळालेले असतील तर उत्तर 2.2. किमान पास 5 धरला तर 2.44. तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सर्व सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकावर, किमान पास लिहिलेला नसेल, तर समोरचा अधिकारी स्वतःच्या समजुतीने तो आकडा भरतो. अमेरिकेची 4 ची पट्टी म्हणावी तर तिथेही उणे चिन्हाच्या ए ला कुठे 3.7 तर कुठे 3.67, फरक एवढाच की तिथल्या ट्रान्सक्रिप्टसोबत ग्रेडची किल्ली सहसा जोडलेली असते.

तुमच्यापैकी काहींचे उत्तर मला माहीत आहे, कारण ते पुष्कळदा ऐकले आहे: "हे सगळे अध्यादेशात आहे." आहे, मान्य. शेकडो पानांत, दुरुस्त्यांच्या दुरुस्त्यांसकट, आणि ज्या तुकडीला कोणती दुरुस्ती लागू ते शोधायला वकील लागावा अशा भाषेत. दुसरे उत्तर असते की मुलांना एवढे कळणार नाही. ज्या मुलांना तुम्ही संख्याशास्त्राचा पेपर घालता, त्यांना भारित, म्हणजे वजन धरून काढलेली, सरासरी कळणार नाही म्हणणे हे तुमच्याच अभ्यासक्रमाविषयी फार काही सांगून जाते.

हिशेब माहीत असण्याचा उपयोग निकालानंतर नाही, आधी असतो. 120 क्रेडिटची पदवी, 100 क्रेडिट झाले, सरासरी 6.5. खात्यावर 650 जमा. शेवटच्या 20 क्रेडिटमध्ये मुलगा म्हणतो, मला 7.0 पर्यंत न्यायचे आहे. 840 लागतील, 190 कमी आहेत, म्हणजे उरलेल्या प्रत्येक क्रेडिटला 9.5 हवेत. अवघड, पण शक्य. 7.25 म्हणाला तर 220 लागतात, म्हणजे क्रेडिटला 11, आणि पट्टी दहालाच संपते. हे त्याला शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला कळले तर तो आपली मेहनत दुसरीकडे, एखाद्या चांगल्या प्रकल्पावर, वळवील. आज तो अशक्य आकड्याच्या मागे धावतो आणि निकालानंतर पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरतो.

या आकड्यावर चाळणी लावणाऱ्यांनाही, म्हणजे शिष्यवृत्ती समित्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना, जाता जाता एक उदाहरण. एका विद्यार्थिनीला 16 क्रेडिटच्या लेखी विषयांत सरासरी 7 आणि 4 क्रेडिटच्या प्रात्यक्षिकांत 10, एकूण 7.6. दुसरीला 6 क्रेडिटच्या लेखी विषयांत 6.5 आणि 14 क्रेडिटच्या प्रात्यक्षिकांत 9.5, एकूण 8.6. लेखीत पहिली पुढे, प्रात्यक्षिकातही पहिलीच पुढे, आणि तुमच्या यादीत दुसरी पूर्ण एका पॉइंटने वर. विषयनिवड मोकळी केल्यावर असे होणारच. निदान क्रेडिटचा रकाना बघितल्याशिवाय कुणाला वगळू नका.

तर परीक्षा विभागांकडे मागणे असे. गुणपत्रकाच्या प्रत्येक ओळीत क्रेडिट, पॉइंट आणि त्यांचा गुणाकार असे तिन्ही रकाने असावेत. खाली गुणाकारांची बेरीज, धरलेल्या क्रेडिटची बेरीज आणि मग भागाकार. मागची बाजू बहुतेक ठिकाणी कोरी असते किंवा तिथे "हरवल्यास विद्यापीठ जबाबदार नाही" छापाच्या सूचना असतात. त्या जागी श्रेणींच्या सीमा, किमान पास, पुन्हा दिलेल्या परीक्षेचा नियम, पूर्णांकनाची रीत आणि टक्केवारीचे सूत्र. सापेक्ष श्रेणी देत असाल, म्हणजे वर्गाच्या कामगिरीवरून सीमा ठरत असतील, तर त्या विषयाच्या त्या वर्षीच्या सीमा. नियम बदलला तर नव्या तुकडीपासून बदला, आणि जुन्या तुकडीच्या कागदावर जुनाच नियम राहू द्या.

यासाठी नवी समिती नेमावी लागत नाही. तुमची संगणक प्रणाली हे सगळे आकडे आजही वापरतेच, नाहीतर तो शेवटचा आकडा आलाच नसता. छपाईच्या नमुन्यात रकाने वाढवायचे आहेत आणि मागच्या बाजूचा मजकूर विद्यापरिषदेच्या एका बैठकीत मंजूर करून घ्यायचा आहे. पुढच्या सत्राचे निकाल लागण्याआधी ते व्हावे.

कळावे,
आपला,
गणिताचा एक शिक्षक